‘श्रावणमास’च्या मात्रा मोजताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऋतूवरची एक कविता घेऊन तिचे यमक, वृत्त आणि रचना यांवर सविस्तर उत्तर लिहायचे आहे. तुम्ही बालकवींची ‘श्रावणमास’ निवडली, मात्रा मोजल्या आणि पहिल्याच ओळीत ३१ आल्या. दुसरीत २९. पुढे बहुतेक ठिकाणी ३०, पण शेवटून दुसऱ्या ओळीत पुन्हा २९. मग ‘कवीने वृत्त काटेकोर पाळलेले नाही’ असे लिहायचे का? आणि यमकाबद्दल ‘प्रत्येक दोन ओळींत यमक जुळले आहे’ याच्या पलीकडे लिहिण्यासारखे असते तरी काय?

वृत्त पाळलेले आहे, आणि फार हौसेने पाळलेले आहे. तुमच्या समोर जो छापील पाठ आहे त्यात काही अक्षरे बदललेली आहेत, आणि तुम्ही ओळीची एकूण बेरीज केली, तिचे तुकडे पाडले नाहीत. या दोन गोष्टी दुरुस्त केल्या की तुमचा पहिला प्रश्न सुटेल. दुसरा प्रश्न मात्र मोठा आहे आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

मी वृत्ते शिकवतो तेव्हा पहिल्या तासाला वही उघडू देत नाही. कविता मोठ्याने म्हणायची आणि जिथे जिभेला आपोआप ठेका घ्यावासा वाटतो तिथे बाकावर बोट आपटायचे. ही कविता शाळेत चालीवर म्हटलेली असते, त्यामुळे कुणालाच अडचण येत नाही. बोटे अशी पडतात:

श्रावणमासी । हर्ष मानसी । हिरवळ दाटे । चोहिकडे
क्षणात येते । सरसर शिरवे । क्षणात फिरुनी । ऊन पडे

चार तुकडे झाले. आता पेन्सिल घ्या. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. जोडाक्षराचा आघात मागच्या ऱ्हस्वावर आला तर तेही दोन मात्रांचे. ‘श्रावणमासी’ : श्रा २, व १, ण १, मा २, सी २, म्हणजे ८. ‘हर्ष मानसी’ : ‘हर्ष’मधल्या ‘ह’वर आघात आहे म्हणून २, र्ष १, मा २, न १, सी २, पुन्हा ८. ‘हिरवळ दाटे’ ८. आणि ‘चोहिकडे’ : चो २, हि १, क १, डे २, म्हणजे ६. एकूण ३०.

तुमच्या पाठात ‘चोहीकडे’ असणार. कोशात शब्द तसाच आहे, शुद्धलेखनाच्या दृष्टीने तेच बरोबर, आणि म्हणून कुणीतरी सद्भावनेने ‘हि’चा ‘ही’ केला. तिथे एक मात्रा वाढली. जुन्या छपाईत ‘चोहिंकडे’ असे दिसते. तो अनुस्वार पाहून काहीजण ‘हिं’च्या दोन मात्रा धरतात, पण हे अनुस्वार उच्चारले जात नव्हते. ‘श्रावणमासीं’, ‘क्षणांत’, ‘येतें’ या सगळ्यांवर ते होते, आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर छपाईतून गेले. न उच्चारलेल्या अनुस्वाराची मात्रा मोजायची नसते. दुसऱ्या ओळीत उलट झाले आहे. ‘क्षणात फिरुनी’ऐवजी तुमच्याकडे ‘क्षणात फिरुनि’ छापले गेले आहे, म्हणून आठाचे सात झाले. ओळ मोठ्याने म्हटलीत तर तुम्ही ‘फिरुनी’च म्हणाल. तोंड छपाईचे ऐकत नाही.

शेवटची द्विपदी, म्हणजे दोन ओळींची जोडी, सगळ्यात शिकवणारी आहे:

देवदर्शना निघती ललना, हर्ष माइना हृदयात
वदनी त्यांच्या वाचुनि घ्यावे श्रावण महिन्याचे गीत

तुम्हाला शेवटच्या ओळीत बरोबर ३० मात्रा मिळाल्या आणि तुम्ही निश्चिंत झालात. पण तुमच्या पाठात ‘वाचून घ्यावे’ आहे. ‘वाचुनि घ्यावे’च्या ८ मात्रा होतात, ‘वाचून घ्यावे’च्या ९. शेवटच्या तुकड्यात ‘–चे गीत’ : २, २, १, म्हणजे ५. तेव्हा तुमची बेरीज ८, ९, ८, ५ अशी आहे. एका ठिकाणची जास्तीची मात्रा दुसरीकडच्या उणिवेत बेमालूम मुरली आणि उत्तर ३० आले. म्हणून सांगतो, एकूण बेरजेवर कधी विसंबू नका. प्रत्येक तुकडा वेगळा मोजा.

मग ‘हृदयात’ आणि ‘–चे गीत’ यांत पाचच मात्रा का? चरणाच्या शेवटी आलेले लघु (एका मात्रेचे) अक्षर गुरू (दोन मात्रांचे) मानायची सवलत परंपरेनेच दिलेली आहे. म्हणताना आपण ‘हृदयाऽत’, ‘गीऽत’ असे लांबवतो आणि सहावी मात्रा भरून निघते. म्हणजे वृत्त इथेही सुटलेले नाही. पण वीस ओळींपैकी फक्त याच दोन ओळींत ही सवलत घ्यावी लागते, हे मनात ठेवा. शेवटी पुन्हा तिथेच यायचे आहे.

जोडाक्षराबद्दल एक खबरदारी. प्रत्येक जोडाक्षर मागच्या अक्षराला गुरू करत नाही. ‘हिरव्या कुरणी’मध्ये ‘व्या’ आहे म्हणून ‘र’च्या दोन मात्रा धरल्यात तर तुकडा ९चा होईल. ‘महिन्या’मधला ‘हि’ही लघुच राहतो. ‘पत्री’ म्हणताना मात्र ‘प’वर जीभ रेटते, तो गुरू. नियम पाठ करण्यापेक्षा शब्द दोनदा उच्चारून पाहिला की लगेच कळते.

८, ८, ८, ६ अशा ३० मात्रांच्या या जातीला, म्हणजे मात्रांवर चालणाऱ्या वृत्ताला, ‘हरिभगिनी’ म्हणतात. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचना’ या वृत्तांवरच्या ग्रंथामुळे मराठीत अशी नावे रुळली. हिच्याच घरातली ‘वनहरिणी’, तिच्यात शेवटचा तुकडाही पूर्ण आठाचा असतो, एकूण ३२. उत्तरात नाव जरूर लिहा, पण नावाला एक गुण, फार तर दोन. खरी गोष्ट त्या सहाच्या तुकड्यात आहे. केरव्याच्या किंवा धुमाळीच्या आठ मात्रांच्या ठेक्यावर ही ओळ धरली तर चौथ्या आवर्तनात सहा मात्रांना शब्द संपतात आणि दोन मात्रा रिकाम्या राहतात. तिथे श्वास आहे. ‘ऊन पडे’ आणि मग दोन मात्रांची शांतता. श्रावणातल्या पावसाची चाल अशीच असते. सरसर सर येते, धावते, एकाएकी थांबते, आणि मधल्या त्या क्षणभरात पागोळ्यांचा आवाज ऐकू येतो. ‘वनहरिणी’त ही जागाच नाही, तिथे पाऊस थांबलाच नसता. कवीने हा हिशोब वहीत मांडून वृत्त निवडले असेल असे मी म्हणत नाही. सूर कानात आला आणि ओळ त्यावर उतरली असेल. पण उत्तर लिहिणाऱ्याने ‘या कवितेला हे वृत्त का शोभते’ याचे कारण मात्रांमध्येच दाखवायला हवे. ‘वृत्त गेय आहे, त्यामुळे कवितेला गोडवा आला आहे’ हे वाक्य कुठल्याही कवितेला लागू पडते, म्हणून ते कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही.

सगळ्याच ऋतुकविता मात्रांवर चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही अक्षरांच्या छंदातली कविता मात्रांनी मोजत बसाल. बालकवी धरणगावचे, बहिणाबाई चौधरी असोद्याच्या. दोन्ही गावे जळगाव जिल्ह्यातली, म्हणजे पाऊस एकाच आभाळातला. बहिणाबाई म्हणतात:

आला पह्यला पाऊस
शिपडली भुई सारी
धरत्रीचा परमय
माझं मन गेलं भरी

इथे मात्रा मोजून हाती काही लागणार नाही. अक्षरे मोजा: आठ, आठ, आठ, आठ. हा अक्षरछंद. ओवी-अभंगाच्या वळणाचा, जात्यावर आणि शेतात वाढलेला. लघुगुरूचा जाच नाही, म्हणून ‘पह्यला’, ‘परमय’ हे बोलीतले शब्द जसेच्या तसे येऊन बसतात. तिसरा प्रकार अक्षरगणवृत्ताचा. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्मापासून वसंतापर्यंत सहा सर्ग आहेत आणि पहिला श्लोक वंशस्थ वृत्तात, ओळीला बारा अक्षरे, ज त ज र या गणांत (गण म्हणजे ठरलेल्या लघुगुरूचा तीन अक्षरांचा गट). ‘मेघदूत’ सबंध मंदाक्रांतेत: सतरा अक्षरे, आधी चार गुरू, मग सलग पाच लघू. तिथे कुठले अक्षर लघू आणि कुठले गुरू हे जागेसकट ठरलेले असते, आणि कालिदासाच्या या श्लोकांत ओळींच्या शेवटी यमक नसते. म्हणून कविता हातात घेतली की आधी विचारायचे: यातले काय ठरलेले आहे? अक्षरांची संख्या, मात्रांची संख्या, की लघुगुरूचा क्रम? हे उत्तर चुकले तर पुढचे सगळे चुकते.

‘श्रावणमास’मध्ये मात्रांची संख्या ठरलेली आहे, पण आठ मात्रा कशा भरायच्या याची कवीला मोकळीक आहे. आठ मात्रा चार गुरू अक्षरांत भरता येतात, किंवा सहा लघू आणि एक गुरू घेऊन सात अक्षरांत. कवीची कारागिरी या मोकळ्या जागेत दिसते. सबंध कविता मी अनेकदा तुकडे पाडून पाहिली आहे. सात अक्षरांचे, म्हणजे सर्वात दाट भरलेले तुकडे तिच्यात तीनच आहेत: ‘सरसर शिरवे’, ‘फडफड करुनी’ आणि ‘तरुशिखरांवर’. चार गुरूंचे, म्हणजे सर्वात जड तुकडे दोनच: ‘झालासा सू–’ आणि ‘खिल्लारे ही’. पावसाची सर आणि पाखरांचे ओले पंख यांना भराभर पडणारी लघु अक्षरे, आणि रानात संथपणे चरणाऱ्या खिल्लारांना पावले उचलत चालणारी गुरू अक्षरे. ‘खिल्लारे ही चरती रानी’ सावकाश म्हणून पाहा. ‘फडफड करुनी भिजले अपुले’ या वेगाने ते म्हणताच येत नाही. हे तुम्ही उत्तरात मोजून दाखवलेत तर तपासणारा मान डोलावेल. ‘तरुशिखरांवर’ मात्र या स्पष्टीकरणात बसत नाही. झाडांच्या शेंड्यांवर पिवळे ऊन पडते त्यात घाईचे काही नाही. तो तुकडा शब्दांच्या घडणीमुळे तसा झाला, इतकेच. जिथे लागू पडते तिथे म्हणायचे, जिथे पडत नाही तिथे ओढून आणायचे नाही.

हाच मोह दुसऱ्या एका ठिकाणी होतो. या कवितेत बहुतेक सगळे तुकडे शब्दाच्या शेवटी पडतात. ‘संध्या । राग’ आणि ‘भामा । रोष’ इथे समास फुटतो, पण तो जोडावर फुटतो, कानाला खुपत नाही. खरोखर शब्दाच्या मध्ये ठेका पडतो तो तीन जागी. पहिली:

झालासा सू । र्यास्त वाटतो । सांज अहाहा! । तो उघडे

सूर्य अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली होती, ‘सर, मावळताना सूर्य क्षितिजावर असाच कापला जातो.’ वर्ग खूश झाला, मीही झालो. पण मी तिला पुढच्या दोन जागा शोधायला लावल्या. ‘रम्य फुले पत् । री खुडती’ ही दुसरी, आणि ‘श्रावण महिन्या । चे गीत’ ही तिसरी. पत्री खुडताना पान तुटते असे म्हणता येईल, पण महिन्याचा प्रत्यय का तुटला याचे काय सांगणार? तिने वहीत लिहिले ते मला अजून आवडते: ठेका शब्दात पडल्यामुळे ‘सूर्यास्त’ म्हणताना जीभ अडते आणि त्या शब्दाकडे लक्ष जाते. एवढेच म्हणता येते, आणि एवढे पुरते.

आता रचना. दहा द्विपदी, वीस ओळी. बहुतेक उत्तरांत ‘कवीने निसर्गाची विविध चित्रे रेखाटली आहेत’ म्हणून पुढे जातात. चित्रे कुठल्या क्रमाने येतात ते पाहा. पहिल्या द्विपदीत हिरवळ, सर आणि ऊन. दुसरीत ‘वरती बघता’ इंद्रधनुष्याचा दुहेरी गोफ. तिसरीत सूर्य. चौथीत ‘उठती वरती जलदांवरती’ संध्याराग. पाचवीत बगळ्यांची माळ उडते, आणि तिची दुसरी ओळ:

उतरुनि येती अवनीवरती ग्रहगोलचि की एकमते

ही ओळ वीस ओळींतली बरोबर दहावी. कविता दुभंगते ती इथे. सुरुवातीची हिरवळ सोडली तर इथपर्यंत मान वर करून आभाळ पाहिले, दहावीत बगळे जमिनीवर उतरले आणि त्यांच्याबरोबर आपली नजरही. अकराव्या ओळीपासून पुन्हा वर बघायचे नाही. ‘वरती’ हा शब्द दहाव्या ओळीनंतर एकदाही येत नाही. मग पंख सावरणारी पाखरे, बागडणाऱ्या हरिणी, खिल्लारे, गुराख्याचा पावा, सोनचाफा, केवडा, सत्यभामेचा रुसवा घालवणारा पारिजात, परडी घेतलेल्या मुली, देवाला निघालेल्या बायका, आणि शेवटी त्यांचे चेहरे. आभाळाच्या विस्तारापासून माणसाच्या मुखापर्यंत नजर सारखी खाली आणि जवळ येत जाते. ‘नभोमंडपी’ला सुरुवात केलेली कविता ‘वदनी’ला संपते.

काळाचा क्रम मात्र शोधू नका. तिसऱ्या-चौथ्या द्विपदीत संध्याकाळ होते आणि नवव्या द्विपदीत मुली पूजेची फुले-पत्री खुडतात, हे काम सकाळचे. एका दिवसाची गोष्ट सांगायची नाहीच मुळी, महिना सांगायचा आहे. म्हणून प्रत्येक द्विपदी आपल्यापुरती पूर्ण आहे, वाक्य एका द्विपदीतून दुसरीत वाहत नाही. ‘क्षणात… क्षणात’ असे दुसऱ्या ओळीने सांगितले आहे, आणि कवितेची सगळी बांधणीच अशी क्षणाक्षणाची आहे. आषाढातला मुसळधार पाऊस या दोन-दोन ओळींच्या खणांत मावला नसता.

कवितेवर माझे प्रेम आहे म्हणून तिच्यातले सैल टाके झाकावेत असे मला वाटत नाही. ‘सुंदर’ या शब्दाच्या मात्रा चार, म्हणजे अर्धा तुकडा आयता भरतो. ‘रम्य’ तीन मात्रांचा. ‘सुंदरतेचे’, ‘सुंदर हरिणी’, ‘सुंदर परडी’, ‘सुंदर बाला’, ‘रम्य केवडा’, ‘रम्य फुले’ ही सगळी एकाच कवितेत आहेत, त्यांतली तीन तर एकाच द्विपदीत. ‘माळचि ते’, ‘ग्रहगोलचि की’ यांतले ‘चि’ मात्रा भरण्यासाठी आलेले आहेत. ‘हिरव्या कुरणी’ म्हटले की कुरण दिसते, ‘पिवळे पिवळे ऊन’ म्हटले की ऊन दिसते, ‘रम्य केवडा’ म्हटले तर केवडा दिसायला ‘दरवळला’ची वाट पाहावी लागते. हे लिहिल्याने कवीचा अवमान होत नाही. फक्त मात्रांचा पुरावा देऊन लिहा, नुसते ‘विशेषणांचा अतिरेक’ म्हणून सोडून देऊ नका.

कवीच्या चरित्राबद्दल सुरुवातीला लिहावे का, असेही तुम्ही विचारले आहे. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि १९१८मध्ये, अठ्ठाविशी पुरी होण्याआधीच, भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. हे वाचताना आजही मन गलबलते. पण प्रश्न रचनेचा असेल तर एक ओळ पुरे. त्या अपघाताचा धागा या कवितेच्या यमकाला जोडू नका.

आता यमक. अलंकारशास्त्रात ‘यमक’ म्हणजे तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला यमक म्हणतो ते अंत्ययमक. तुमच्या प्रश्नात तेच अपेक्षित आहे. फक्त शेवटचे अक्षर सारखे असले की यमक झाले, असे शाळेत चालून जाते. कान त्याहून चोखंदळ असतो. त्याला शेवटच्या अक्षराच्या आधीचा स्वरही जुळलेला हवा असतो. ‘कडे–पडे’मध्ये ‘अडे’ जुळते. ‘विणलासे–भासे’मध्ये ‘आसे’. ‘पहा–महा’, ‘मती–खुडती’, सगळी भरीव. ‘दरवळला–मावळला’ तर ‘वळला’ एवढे तीन अक्षरी जुळते, सबंध कवितेतले सर्वात घसघशीत यमक. उलट ‘फिरे–सुरे’मध्ये आधीचा स्वर एकीकडे ‘इ’, दुसरीकडे ‘उ’. ‘सावरिती–बागडती’मध्ये ‘इ’ आणि ‘अ’. ‘माळचि ते–एकमते’मध्येही तेच. ही तीन सैल यमके पाचव्या, सहाव्या आणि सातव्या द्विपदीत ओळीने येतात. का, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही आणि मी ते बळेच तयार करणार नाही, पण वहीत टिपून ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या द्विपदीचे यमक एकच आहे, हे बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ‘चोहिकडे–ऊन पडे’, मग ‘तो उघडे–ऊन पडे’. शेवटचे दोन्ही शब्द तेच. कवीला दुसरे यमक सुचले नाही असे म्हणण्याआधी दुसरी ओळ आठवा: ‘क्षणात फिरुनी ऊन पडे’. फिरून, म्हणजे पुन्हा. मध्ये इंद्रधनुष्याची एक द्विपदी जाते, सूर्य मावळल्यासारखा वाटतो, आणि खरोखरच फिरून ऊन पडते, त्याच यमकात. यमक इथे अर्थाचे काम करते आहे.

ओळींच्या आतही यमके आहेत. ‘श्रावणमासी । हर्ष मानसी’ या पहिल्या दोन तुकड्यांतच ती सवय लागते. पुढे ‘तरुशिखरांवर, उंच घरांवर’, ‘उठती वरती जलदांवरती’, ‘सुंदर हरिणी हिरव्या कुरणी’, ‘सुंदर बाला या फुलमाला’. पहिला तुकडा आणि दुसरा तुकडा एकमेकांना हाक देतात आणि तिसरा सोडून देतो. ‘रानी–गाणी’ ही जोडी एक घर पुढे सरकून दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात येते. याची यादी उत्तरात देऊ नका. दोन उदाहरणे घ्या आणि ती तुकड्याच्या शेवटी, ठेक्यावरच पडतात हे दाखवा.

आता राखून ठेवलेली शेवटची द्विपदी.

देवदर्शना । निघती ललना, । हर्ष माइना । हृदयात

दर्शना, ललना, माइना. सबंध कवितेत तीनही तुकडे एका यमकात बांधलेली ही एकच ओळ. हर्ष मावत नाही असे ती म्हणते आणि तिचे यमकही एका जोडीत मावत नाही, तिसऱ्या तुकड्यातही सांडते. आणि जिथे आतले यमक इतके भरून आले तिथेच बाहेरचे सुटते. ‘हृदयात–गीत’मध्ये शेवटचा ‘त’ तेवढा सारखा, आधीचे स्वर ‘आ’ आणि ‘ई’. आधीच्या नऊही द्विपदी दीर्घ स्वरावर संपतात: डे, से, डे, हा, ते, ती, रे, ला, ती. सगळी तोंडे उघडी. दहावी ‘त्’वर मिटते. मात्राही इथेच पाच पडतात आणि लांबवून सहा कराव्या लागतात. मात्रा, यमक आणि अंत्य स्वर, तिन्ही सवयी एकाच जागी बदलतात. एक सवय मोडली तर ती नजरचूक असू शकते. तीन एकदम मोडल्या आणि त्याही कविता संपते तिथे, तर तिथे थांबून वाचलेच पाहिजे.

माझे वाचन असे आहे, तुम्हाला पटले तर घ्या. नऊ द्विपदी चालत्या ठेक्याच्या आहेत. दर ओळ उघड्या स्वरावर संपते आणि दोन मात्रा थांबून पुढच्या ओळीकडे ढकलते. शेवटच्या ओळीला पुढे काही नाही. तिथे मिटणारे अक्षर हवे. ‘गीत’ हा शब्द म्हणताना ‘गी’ लांबतो, ठेका अलगद विरतो आणि जीभ दातांना टेकून आवाज बंद होतो. ‘हृदयात’ने एक ओळ आधी त्याची चाहूल दिलेली असते, म्हणून तो धक्का वाटत नाही.

उत्तर लिहायला बसाल तेव्हा या द्विपदीपासून सुरुवात करून पाहा. आधी तिच्यात काय वेगळे झाले ते मोजून मांडा, मग मागे जाऊन हरिभगिनी, उघडे स्वर, आठाचे तुकडे हे सगळे ‘नेहमीचे काय होते’ म्हणून सांगा. आणि त्याआधी कविता एकदा सबंध मोठ्याने म्हणा, ‘वाचुनि’ म्हणून, ‘वाचून’ म्हणून नव्हे.